एका सुईच्या पाच जणी

मी पस्तीस वर्षे अमरावतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपालाचे काम केले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवण्यात इतकी वर्षे गेली, पण स्वतः काही लिहावे असे कधी वाटले नाही. वाटले असते तरी धीर झाला नसता. एकसष्टाव्या वर्षी हे लिहायला बसले आहे ते हौस म्हणून नव्हे. मला जे झाले ते आणखी काही जणींच्या अंगात, त्यांना ठाऊक नसताना, बसलेले असू शकते. त्यांच्यापैकी एखादीच्या हाती हे पडावे, एवढीच इच्छा आहे. वैद्यकातले मला फारसे कळत नाही. डॉक्टरांनी दोन-दोन वेळा समजावून सांगितले तेवढेच इथे आले आहे.

दोन घास

सुरुवात अगदी क्षुल्लक होती. दोन घास खाल्ले की पोट तुडुंब भरल्यासारखे वाटे. डाव्या बरगडीखाली कोणीतरी उशी कोंबून ठेवल्यासारखे जड वाटत राही. दुखत मात्र नसे. न दुखणाऱ्या गोष्टीची तक्रार कशी करावी हे मला कधीच जमले नाही, म्हणून चार महिने मी गप्प राहिले. माझे यजमान शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आहेत. ताटात उरलेली भाकरी पाहून ते म्हणत, "तुझं पोट आता वरणाच्या वासावरच भरतं का?" मी हसून वेळ मारून नेई.

मग एका सकाळी पायऱ्या चढताना धाप लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी आपले यंत्र एकाच जागेवरून तीनदा फिरवले. आधी ते सहायकाशी क्रिकेटबद्दल बोलत होते. तिसऱ्या वेळी बोलणे थांबले. "डाव्या बरगडीखालची प्लीहा वाढली आहे," ते म्हणाले. "बरीच." त्यांचे ते 'बरीच' ऐकल्यापासून पुढचे वीस दिवस माझ्या कानांना दुसरे काही नीट ऐकू आले नाही.

रक्ताच्या विकारांच्या डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासायला पाठवली. त्या तपासणीची भीती ज्यांना वाटते त्यांना एवढेच सांगते, की सुई टोचताना फारसे दुखत नाही. आतून काहीतरी ओढले जाते तो एक क्षण मात्र विलक्षण असतो. आपल्या हाडालाही जीव आहे हे त्या क्षणी समजते. नंतर अर्धा तास पाठीवर निजून राहायचे. मी छतावरचे चौकोन मोजले, आणि यजमान बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र उलटे धरून बसले होते, असे नंतर कळले.

निदानाचा दिवस

"हा लसिका पेशींचा कर्करोग आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हळू वाढणारा आहे. घाई करण्यासारखं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही."

यजमानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी माझ्या पर्सची चेन उघडली आणि लावली.

"आणखी एक. तुमच्या रक्तात हिपॅटायटिस-सीचा विषाणू सापडला आहे. यकृतात राहणारा. तुमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींचा संबंध आहे असं आम्हाला वाटतं."

माझा चेहरा पाहून त्यांनी पेन खाली ठेवले आणि सावकाश सांगितले. शरीरात राखण करणाऱ्या पेशी असतात, त्याच या लसिका पेशी. चोर शिरला की त्या जाग्या होतात, संख्येने वाढतात. चोर गेला की पुन्हा निवांत होतात. माझ्याकडे हा चोर एक-दोन वर्षे नव्हे, कदाचित कित्येक दशके घरातच राहिला. त्या पेशींना विश्रांती मिळालीच नाही. वर्षानुवर्षे वाढत राहताना त्यांतली एखादी बिघडली आणि तिचीच प्रजा वाढत गेली. "हा विषाणू असलेल्या बहुतेकांना असा कर्करोग होत नाही," त्या म्हणाल्या. "काहींना होतो."

"मग चोराला हाकललं तर?" यजमानांमधला शिक्षक जागा झाला.

"नेमकं तेच करून पाहायचं आहे. बारा आठवडे रोज गोळ्या, फक्त विषाणूवरच्या. या प्रकारच्या काही रुग्णांत विषाणू गेला की कर्करोगही ओसरतो. सगळ्यांत नाही. नाहीच ओसरला तर पुढची औषधं आहेत, केमोथेरपी आहे."

नंतर त्यांनी कागद पुढे ओढला. कधी रक्त चढवले आहे का? नाही. मोठे ऑपरेशन? नाही. लहानपणी वारंवार इंजेक्शने? आठवत नाही. गोंदवून घेतले आहे का?

"नाही," मी म्हणाले.

माझ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटे वर, तुळस आणि तिच्याखाली पाच ठिपके गोंदलेले आहेत. त्यावर ब्लाउजची लांब बाही होती. बाही होती म्हणून मी नाही म्हटले.

बाहीखाली

कॉरिडॉरमध्ये यजमानांनी विचारले, "गोंदण नाही म्हणालीस?"

"त्याचा काय संबंध? ते लहानपणीचं आहे."

ते जिन्याकडे वळले. चाळीस वर्षांच्या संसारात माझी अवघडलेली जागा कोणती हे त्यांना माहीत आहे. तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यातून मी अमरावतीला वसतिगृहात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका मुलीने माझा हात धरून सगळ्यांना दाखवला होता. "बघा गं, हिच्या हातावर शेत आहे." ती काही दुष्ट नव्हती, नंतर आम्ही मैत्रिणी झालो. पण त्या दिवसापासून मी लांब बाह्या घातल्या, मे महिन्यातही. पुस्तके देता-घेता हजारो विद्यार्थ्यांसमोर माझे हात पुढे झाले, आणि ती तुळस कुणाला दिसली नाही.

आता त्या लाजेपोटी मी डॉक्टरांशी खोटे बोलले होते. इतकेच नव्हे, तर ते खोटे माझ्यापुरते नव्हते, हे मला त्या दिवशी सुचलेसुद्धा नाही.

बारा आठवडे

रोज सकाळी नऊ वाजता एक गोळी. यजमानांनी भिंतीवर तक्ता लावला होता आणि गोळी घेतली की ते त्यावर, माझ्यादेखत, बरोबरची खूण करीत. त्यांच्या रक्तात विषाणू सापडला नाही. त्या दिवशी मी देवासमोर दिवा लावला.

घरात मात्र एक विचित्र शांतता आली. मी माझे ताट, तांब्या, टॉवेल वेगळे केले. सूनबाईने विरोध केला नाही, आणि ते मला लागले. तिने आग्रह केला असता तरी मी ऐकले नसते, तरीही लागले. नातीने गालाला गाल लावला की मी मान वळवू लागले. तिसऱ्या आठवड्यात ती आईला विचारत होती, "आजी माझ्यावर रागावली का?"

पुढच्या भेटीत यजमानांनीच डॉक्टरबाईंना विचारले. त्या काहीशा चिडल्याच. हा विषाणू ताटातून, उष्ट्यातून, मिठीतून जात नाही. रक्तातून रक्तात जातो. दाढीचे पाते, नखे कापायचे यंत्र, दात घासायचा ब्रश एवढे वेगळे ठेवा आणि एका ताटात जेवा. कर्करोग तर एकाचा दुसऱ्याला लागतच नाही. घरी आल्यावर सूनबाईने माझे वेगळे ताट उचलून सगळ्यांच्या ताटांत ठेवून दिले. जेवताना तिने माझ्याच ताटातली मिरची उचलून खाल्ली.

रक्त घेण्याची खोली आणि केमोथेरपीची खोली एकच होती. आरामखुर्च्यांवर माणसे हाताला नळ्या लावून बसलेली असत. कोणी मोबाइलवर कीर्तन ऐकत असे, कोणी डोक्यावरचा रुमाल पुन्हा पुन्हा सारखा करीत असे. प्लीहा उतरली नाही तर यांतली एक खुर्ची माझी, असे प्रत्येक वेळी मनात येई, आणि ती कोणती असेल तेही मी मनाशी ठरवून ठेवले होते.

आठव्या आठवड्यात परिचारिकेला माझ्या उजव्या हातात शीर सापडेना. दोनदा टोचून झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, डावा द्या." मी आढेवेढे घेतले. तिने सरळ बाही वर सारली.

"अय्या! किती देखणी तुळस आहे. माझ्या आजीच्या हातावर अशीच होती." तिने ठिपक्यांवरून कापूस फिरवला आणि सहज विचारले, "मॅडमना दाखवली ना ही?"

मी मान हलवली. होय की नाही, ते मलाच कळले नाही.

त्या दिवशी मी डॉक्टरबाईंपुढे बाही वर करून बसले आणि खाली मान घालून सगळे सांगितले. त्या रागावतील असे वाटले होते. त्यांनी फक्त दोन प्रश्न विचारले.

"त्या दिवशी त्याच सुईने आणखी कुणाला गोंदलं?"

"आम्ही पाच जणी होतो. त्यांत माझी थोरली बहीण."

"त्यांना हे माहीत आहे?"

दोन महिने मी गोळ्या घेत होते, आणि दोन महिने माझी बहीण काहीच घेत नव्हती.

हिवरखेड

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. माझी बाई, कमला, हिवरखेडला असते. वांगी, मेथी, शेवंती असा तिचा मळा आहे. ती चार इयत्ता शिकली. मला शिकवावे म्हणून वडिलांशी भांडली तीच. तिच्याशी बोलताना माझी भाषाही तिचीच होते.

ती बांधावर शेवंती खुडत होती. मला पाहताच ओरडली, "आवं माय, सुमन! किती वाळली वं तू! तुह्या नवऱ्यानं उपाशी ठेवलं का तुले?"

"बाई, बस जराशी. बोलाचं हाय."

तिने सगळे ऐकून घेतले. मग फुलांची पाटी उचलली. "गोंदनानं कोनाले रोग होते का वं? ते देवाचं लेनं हाय. बाकी सारं इथंच राहते, तेवढं एक मेल्यावर संग येते."

"सुई साऱ्याइले एकच होती न बाई. तीन सुया दोऱ्यानं बांधेल. गोंदनारीन फडक्याले पुसे, अन् दुसरीच्या हाताले लावे."

"मंग? मले काही झालं का? हे पाह्य, तुह्यापेक्षा ठनठनीत हाय मी."

तिने साडी थोडी उचलून पाय आपटून दाखवला. घोट्याभोवती सूज होती. पैंजण रुतले होते. मी खाली बसून सुजेवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला.

"हे कदीपासून?"

"उभं राहून राहून येते. तू डॉक्टर कदीपासून झाली?"

"बाई, एक रक्त दे. इतकंच म्हन्तो मी."

"मी नाई देत." तिचा आवाज एकदम बदलला. "तू जाय आता. तुही बस निंघून जाईन."

आयुष्यात पहिल्यांदा तिने मला चहा न पाजता परत पाठवले. त्यानंतर तीन आठवडे तिने फोन उचलला नाही. बाईचे यजमान, आमचे भाऊजी, उचलत आणि हळू आवाजात सांगत, "सुमनबाई, ते ऐकूनच नाई घेऊन राहिली. जेवन बी कमी झालं तिचं." तक्त्यावरच्या खुणा वाढत होत्या. माझे काय होणार याची जी भीती आठ आठवडे मला खात होती, ती आता जागा बदलून बसली होती. मला माझ्या प्लीहेपेक्षा तिचा तो पाय दिसे.

तिला काय वाटत होते

बारा आठवडे पूर्ण झाले. रक्तात विषाणू आढळला नाही. प्लीहा आधीपेक्षा लहान झाली होती. डॉक्टरबाईंनी पोट चाचपले, पुन्हा चाचपले आणि त्या हसल्या. "अजून तीन महिन्यांनी पुन्हा रक्त पाहू, मगच विषाणू गेला म्हणू. आणि कर्करोगावर लक्ष तर पुढेही ठेवावं लागेल. पण तूर्त केमो नाही."

यजमान पेढे घ्यायला थांबले. मी म्हटले, आधी हिवरखेड.

बाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. दुपारी, कामाच्या वेळी. तिला असे बसलेले मी कधी पाहिले नव्हते. मी अहवाल तिच्या हातात दिला, वाचून दाखवला. तिने कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"म्हनजे उतरलं तुहं?"

"उतरून राहिलं."

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "त्या दिशी तू रडत होती. आठ वर्साची होती तू. हात देत नव्हती. मी म्हनलं, पाह्य, मी बसतो आंधी, काही दुखत नाई. माह्या हाताची सुई काढून त्या गोंदनारनीनं तुह्या हाताले लावली." तिने कागद खाली ठेवला. "आता रक्तात निंघालं तर माह्याच अंगातून तुह्या अंगात गेलं न ते? मी देल्लं तुले. मले नाई पाहाचं ते. मेली तरी नाई पाहाचं."

डॉक्टरबाईंनी मला बजावले होते, की गोंदणच कारण असेल असे खात्रीने कुणीच सांगू शकत नाही; त्या काळी दवाखान्यातली इंजेक्शनची सुईही कैक जणांना एकच असे. हे सगळे मी तिला सांगितले. ती ऐकत नव्हती. शेवटी मी तिचा हात माझ्या हाताशेजारी ठेवला. तिची तुळस माझ्यापेक्षा हिरवी होती.

"बाई, तुह्या आंधी कोन बसलं होतं?"

"शेवंता. तिच्या आंधी सुभद्रा. अन् साऱ्यात पयले रुखमी, तिले लय घाई."

"मंग तुह्यात आलं असन तर तेई कोनाच्या तरी हातावरूनच आलं न?"

ती माझ्याकडे पाहू लागली.

"रुखमी गेली न वं," ती म्हणाली. "दोन वर्सं झाले. पोटात पानी होऊन गेली. लोक म्हने, कोनं करनी केली."

ओसरीवर माशा घोंगावत होत्या. भाऊजी दारात उभे होते. ते तिथेच थांबले. यकृत बिघडले की पोटात असे पाणी होते; तरी रुखमीचे मरण या विषाणूमुळेच झाले असे मी तेव्हा म्हटले नाही, आजही म्हणत नाही. ते कुणी तपासले नाही, आता तपासता येणार नाही. पण आम्ही दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत ते एकाच वेळी पाहिले.

बाई भिंतीचा आधार घेऊन उठली. "चपला दे माह्या," ती भाऊजींना म्हणाली.

अकोला

हिवरखेडहून अकोला जवळ पडते, म्हणून तिची तपासणी तिथल्या रुग्णालयात झाली. पाच दिवसांनी अहवाल घ्यायला आम्ही चौघे गेलो. बाहेर बाकावर ती माझा हात घट्ट धरून बसली होती. तिची नखे माझ्या तळव्यात रुतत होती आणि मला हात काढून घ्यावासा वाटला नाही.

विषाणू होता. यकृत कडक होऊ लागले होते. पायांची सूज त्याचीच असावी, असे तिथले डॉक्टर म्हणाले. गाठ मात्र कुठे नव्हती. "आणखी दोन-तीन वर्षं अशीच गेली असती तर अवघड होतं," ते म्हणाले. "आता गोळ्या सुरू करू. विषाणू जाईल अशी पूर्ण आशा आहे. यकृतावर मात्र नजर ठेवावी लागेल."

ती रडेल म्हणून मी पदर तयार ठेवला होता. ती डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, शेवंताले अन् सुभद्राले कोन सांगन?"

डॉक्टर गोंधळले. "कोण शेवंता?"

कॉरिडॉरमध्ये येऊन बाईने भाऊजींच्या खिशातून फोन ओढला, तेल्हाऱ्याच्या कुणाला तरी विचारून शेवंताचा नंबर मिळवला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागली. "शेवंता, मी कमला. हो, हिवरखेडची. तुह्या हातावर गोंदन हाय न? आवं, हासू नको. आयक. कायले म्हन्जे? सांगतो न!" पण 'विषाणू' या शब्दापाशी ती अडखळली. तिने दोनदा प्रयत्न केला आणि फोन माझ्यापुढे केला. "तू सांग. तू शिकेल हायेस."

रांगेतली चाळीस-पन्नास माणसे आमच्याकडे पाहत होती. मी आयुष्यात सभेत बोलले नाही. महाविद्यालयाच्या निरोप समारंभातही दोन वाक्ये बोलून खाली बसले होते. मी फोन कानाला लावला. शेवंताचा चेहराही मला नीट आठवत नव्हता. मी तिला सांगितले: तुझ्या हातावर जे आहे ते माझ्याही हातावर आहे. मला त्यातून काय झाले असावे, बाईला काय निघाले. एकदा रक्त तपासून घे, याला औषध आहे. लाजण्यासारखे यात काही नाही. मी लाजले आणि दोन महिने फुकट घालवले. मी हे मोठ्याने बोलत होते, हे मला बोलून झाल्यावर कळले.

पलीकडे कुठेतरी शेळी ओरडत होती.

"उपाशीपोटी यावं लागते का?" शेवंताने विचारले.

"नाही," मी म्हणाले. "जेवून ये."